तळापर्यंत

तो रकाना कोरा ठेवू नकोस, इवाकिरी. आणि 'नाही' तर मुळीच लिहू नकोस. पेन खाली ठेव आधी.

वीज काही एवढ्यात येत नाही. खिंडीत तारांवर झाड पडलंय म्हणे, आणि बर्फ हटवणारी गाडी आपल्या बाजूला सगळ्यात शेवटी येते, हे दरवर्षीचंच. तेव्हा तुम्ही दोघं शिकाऊ दलाल या कचेरीत अडकलात आणि तुमच्यापायी मी म्हातारा अडकलो. चिनो, पोरी, शेगडीची वात जरा खाली घे, रॉकेल पुरवायचंय. वर भाजायला ठेवलेली ती तांदळाची मोची करपू दे. मला करपलेलीच आवडते.

तर काय विचारत होतास? "कुवाबारासाहेब, परसात बुजवलेली विहीर आहे हे दोषपत्रकात लिहायलाच हवं का? लिहिलं तर गिऱ्हाईक पळेल." पळेल की! पळणाऱ्याला पळू द्यावं. चाळीस वर्षं मी या खोऱ्यात घरं विकली. पळालेलं गिऱ्हाईक चार महिन्यांनी परत आलेलं पाहिलंय. खोटं सांगून बांधून ठेवलेलं गिऱ्हाईक सुखानं नांदलेलं एकदाही पाहिलं नाही.

घर घेणाऱ्याला मी नेहमी सांगतो, ऊन असताना घर बघू नका. पाऊस पडत असताना या, भिंती आपोआप बोलायला लागतात. फडताळ उघडून नाक आत घाला. शेजाऱ्याशी दोन वाक्यं बोला, तो जेवढं गोड बोलेल तेवढी हद्दीची मोजणी नीट करून घ्या. विकणाऱ्याला सांगतो, रिकाम्या घराची दारं आठवड्यातून एकदा उघडा, नळ सोडा, नाहीतर वर्षभरात त्याचं मढं होतं. आणि विहीर बुजवायची असेल तर तिला श्वास ठेवा. आता हे काय नवीन, असं तोंड करू नकोस, तुझ्या आजोबांना विचार. पेरं फोडलेला बांबू, नाहीतर प्लॅस्टिकचा पाइप, तळापासून थेट जमिनीच्या वर वीतभर. इंजिनियर म्हणतो, आत वायू कोंडला तर जमीन खचेल. पुजारी म्हणतो, पाण्याच्या देवाचा जीव गुदमरेल. पाइप घाला असं दोघंही म्हणतात ना, मग त्यांचं भांडण आपण कशाला सोडवायचं?

मुनेओका नावाचा माझा एक सोबती होता. आपल्यासारखाच घरांचा दलाल, पलीकडच्या तोनोमाकी गावात. वाईट माणूस नव्हता हं, हे आधीच सांगून ठेवतो. गोडबोल्या. म्हाताऱ्याकोताऱ्यांची कामं आपण होऊन करणारा. त्याच्यात एकच खोट होती. समोरच्याला नाही म्हणणं त्याच्या जिवावर यायचं. मग तो हो म्हणायचा, आणि पुढचं पुढं.

त्याच्याकडं फुसाआजीचं घर विकायला आलं. कुरामोची फुसा. वय चौऱ्याऐंशी, नवरा जाऊन वीस वर्षं झालेली. गुडघे गेले म्हणून मुलानं तिला गावातल्याच वृद्धाश्रमात ठेवलं होतं. मुलगा नागोयाला. त्याचं एकच पालुपद, "हिवाळ्याच्या आत विका. आणखी एक हिवाळा त्या छपरावरचं बर्फ कोण काढणार?" खरंच होतं त्याचं.

आजीची अट एकच होती. परसातली विहीर.

"बुजवायची तर बुजवा, मुनेओकासाहेब," ती म्हणाली. "मोडक्या विहिरीत पोरबाळ पडायचं. पण बांबू घाला. तळापर्यंत. पुजारीबुवांना बोलवा, मीठ टाका, साकेची दारू ओता. मी या घरात लग्न होऊन आले त्या दिवशी सासूनं मला आधी विहिरीपुढं उभं केलं होतं, नाव सांग म्हणाली. आता जाताना सांगायला मला काही जमायचं नाही. जिने उतरवत नाहीत. निदान वाट तरी मोकळी असू दे."

वाट म्हणजे काय ते तुम्हाला कळलं नसेल. जुन्या काळी कुणी मरायला टेकलं की घरातलं माणूस विहिरीवर ओणवं होऊन त्याचं नाव घेऊन हाका मारायचं. जीव तिथूनच खाली जातो, तिथूनच परत वळवता येतो, अशी समजूत. आजी त्या काळातली होती.

"तळापर्यंत, आजी. शब्द देतो," मुनेओका म्हणाला.

आता पुढं बघा हं, कसं होतं. पहिलं गिऱ्हाईक विहीर बघून गेलं ते गेलंच. दुसरं आलं सुगाया म्हणून जोडपं, दाइची आणि होनोका. तिला सहावा महिना. शहरात राहून कंटाळलेली मुलं. घर फोटोंवरूनच आवडलं, परस पाहिलंही नव्हतं, फक्त तिथं दोन गाड्या उभ्या राहतील एवढी मोकळी जागा हवी होती. विहीर बरोबर त्या जागेच्या मधोमध. पाइप ठेवला असता तर तो जमिनीतून वर आला असता, हे काय म्हणून त्यांनी विचारलं असतं, मग सगळंच सांगावं लागलं असतं. त्यात पुजारीबुवांना पुढचे तीन आठवडे वेळ नव्हता आणि ताबा दहा दिवसांवर.

मुनेओकानं एका ट्रकवाल्याला गाठलं. त्याच्याकडं कुठल्या तरी पाडलेल्या घराचा राडारोडा पडून होता. एका दुपारीत अकरा मीटर विहीर भरून टाकली. विटा, कौलं, पायाच्या काँक्रीटचे तुकडे, जे हाताला लागेल ते. वर माती, मातीवर खडी. पाइप नाही, मीठ नाही, साके नाही. दोषपत्रकात विहिरीच्या रकान्यात लिहिलं, 'नाही'. खोटं कुठं होतं ते? त्या दिवशी विहीर नव्हतीच ना तिथं! माणूस स्वतःला असं समजावतो.

एवढ्यावर राहिलं असतं तरी मी ही गोष्ट सांगत बसलो नसतो. पण आजी रोज वृद्धाश्रमातून निरोप पाठवायची, "झालं का?" शेवटी यानं काय करावं? एक पाइपचा तुकडा आणला. हातभर लांब. खडीत वीतभर खुपसला. फोटो काढला. आणि तुकडा उपटून परत गाडीत टाकला.

फोटो घेऊन तो स्वतः आजीकडं गेला. तिनं चष्मा लावला, चष्म्यावर भिंग धरलं.

"तळापर्यंत गेलाय ना?"

"तळापर्यंत, आजी."

तिनं फोटो कपाळाला लावला. मग उशीखालून कागदी रुमालात बांधलेली दोन संत्री काढली. जेवणाबरोबर मिळालेली, न खाता ठेवलेली. त्याच्या हातात कोंबत म्हणाली, "माझ्या मुलानंही एवढं केलं नसतं हो."

ती संत्री त्याला खाववेनात आणि टाकवेनात. गाडीत पुढं काचेपाशी पडून होती. बुरशी धरली तेव्हा बायकोनं फेकली. तिनं विचारलं, "कुणी दिली होती?" तर हा म्हणतो, "आठवत नाही." खोट्याला सोबत लागते, एकटं राहत नाही ते.

ताबा झाला. सुगाया राहायला आले. आणि मग ती रात्र. दोन हजार एकोणीस सालची, बावीस नोव्हेंबर, शुक्रवार. तारीख मला पाठ आहे, कारण त्यानं ती मला कितीतरी वेळा सांगितली. अमावास्या चार दिवसांवर होती, म्हणजे त्या वेळी चंद्र आभाळात नव्हताच.

संध्याकाळी सहाला दाइचीचा फोन आला. "साहेब, आम्ही होनोकाच्या माहेरी आलोय, रात्री उशिरा येऊ. इथं बातम्यांत सांगतायत, तुमच्याकडं आज उणे पाच. नळ्या फुटतात म्हणे? आम्हाला तर काहीच माहीत नाही!"

"घाबरू नका, मी जातो. एक किल्ली अजून माझ्याकडंच आहे," मुनेओका म्हणाला. हे असलं काम त्याला आवडायचंच. शहरातून आलेल्यांना पहिल्या थंडीत हे कुणीतरी शिकवावंच लागतं. घरातले सगळे नळ उघडायचे, मग परसात जमिनीतल्या लोखंडी झाकणाखाली कॉक असतो तो फिरवायचा, म्हणजे नळ्यांतलं पाणी खाली उतरतं. नळ उघडे ठेवले नाहीत तर हवा आत शिरत नाही आणि पाणी जागच्या जागी अडून राहतं. तुम्हीही लक्षात ठेवा, पुढच्या हिवाळ्यात तुम्हालाच हे फोन येणार आहेत.

साडेसातला तो पोचला. घरात शिरून नळ उघडले. स्वयंपाकघर, न्हाणीघर, संडास. होनोकानं भिंतीला बाळासाठी कागदी पाखरं टांगली होती. ती बघून त्याला बरं वाटलं. बघा, म्हणाला मनाशी, घर नांदतं झालं ना? कुणाचं काय बिघडलं?

मग टॉर्च घेऊन परसात आला. झाकण उचललं. कॉक फिरवला. पाणी घर्रघर्र करत उतरायला लागलं. त्यानं घड्याळ बघितलं, आठला दहा कमी.

पाणी उतरलं. आवाज थांबला.

थांबला... आणि पुन्हा सुरू झाला.

नळीत हवा राहिली असेल म्हणून त्यानं कॉक हलवून पाहिला. तो घट्ट होता. आवाज तिथून येतच नव्हता. मागून येत होता. खडीखालून.

सर्दी झालेलं माणूस नाकानं श्वास ओढतं ना, तसा. लांब... ओढलेला... आत. मग थोडा वेळ काही नाही. मग पुन्हा, आत.

मुनेओका ऐकत उभा राहिला. बाहेर सोडल्याचा आवाज येईल म्हणून थांबला.

तो आलाच नाही. नुसतं आत. नुसतं आत.

त्यानं टॉर्च वळवला.

खडीवर कुणीतरी बसलं होतं. उकिडवं. अंगात वृद्धाश्रमातला निळा झगा. पाय उघडे. पांढरे केस मोकळे. दोन्ही तळहात खडीवरून फिरत होते. हळूहळू... अंधारात चष्मा शोधावा तसे.

"आजी?"

भीती वाटायच्या आधी त्याच्या मनात काय आलं असेल? की म्हातारी वृद्धाश्रमातून निसटली. या थंडीत, अनवाणी. हे त्याच्या बाजूनं सांगायला हवं, त्यानं आधी अंगातला कोट काढला.

"आजी, अहो काय हे! इथं कशा आलात? चला, गाडीत बसा."

तिनं मान वर केली नाही. हात फिरतच होते.

"इथंच होता ना? फोटोत इथंच होता."

"...काय, आजी?"

"पाइप."

मुनेओकाच्या हातातला कोट तसाच राहिला.

"तळापर्यंत गेलाय ना?"

काय बोलावं? थंडीत काकडणारी म्हातारी. उगाच तिला... आत्ता... आणि तोंडातून निघून गेलं. सवयीनं.

"हो, आजी. तळापर्यंत."

खडी बसली. बोटभर. आवाज न करता, तिच्या गुडघ्यांभोवती, थाळीएवढी जागा खाली गेली. आणि खालचा श्वास... जास्त लांब झाला.

तो मागं सरकला. गाडीपर्यंत गेला. बोटं गारठलेली, फोनवर नंबर लागेना. तिसऱ्यांदा लागला.

"हॅलो, वृद्धाश्रम ना? मी मुनेओका, घरांचा दलाल. अहो, तुमच्या कुरामोची आजी इकडं आल्यात! त्यांच्या जुन्या घरी! तुमचं लक्ष कुठं असतं?"

पलीकडं नर्स होती.

"कोण म्हणालात? कुरामोची आजी?"

"हो! खडीवर बसल्यात!"

"साहेब..." नर्स हळू बोलली. "मी त्यांच्या पलंगापाशीच उभी आहे. माझा हात त्यांच्या छातीवर आहे."

मुनेओकानं गाडीआडून वाकून परसाकडं पाहिलं. निळा झगा तिथंच होता. हात फिरत होते.

"बरं झालं तुम्हीच फोन केलात," नर्स म्हणत होती. "संध्याकाळपासून बिकट चाललंय. श्वास आत ओढतात, बाहेर सुटतच नाही. डॉक्टर येऊन गेले, मुलगा निघालाय नागोयाहून, पण पोचेलसं वाटत नाही. आणि सारखं एकच विचारतायत, तळापर्यंत गेला का, तळापर्यंत गेला का. आम्हाला काही कळत नाही. तुम्हाला कळतंय का काही?"

"...हो."

"मग सांगा ना त्यांना! मी फोन कानाला लावते. हो म्हणा आणि मोकळे व्हा. जाताना तरी जिवाला शांती लाभेल."

फोनमध्ये खरखर झाली. मग श्वास. आत. तोच. फोनमध्येही तोच आणि खडीखालूनही तोच... एकाच वेळी.

तुम्ही सांगा, काय बोलावं त्यानं? खरं सांगावं, तर मरणाऱ्या बाईच्या कानात विष ओतल्यासारखं. नर्स ऐकणार, मुलाला सांगणार, सुगायांना कळणार, परवाना जाणार. हे सगळं त्याच्या डोक्यात आलं. तो मला म्हणाला होता, "परवान्याचा विचार आधी आला, कुवाबारा. आजीचा नंतर." हे त्यानं कबूल केलं, म्हणून मी त्याला माणूस म्हणतो.

परसात म्हातारीनं पहिल्यांदा मान वर केली. त्याच्याकडं बघितलं. रागानं नाही हो... भरवशानं. संत्री दिली होती तेव्हा बघितलं होतं, तसंच.

"तळापर्यंत, आजी," मुनेओका फोनमध्ये म्हणाला. "मी स्वतः बघितलंय."

फोनमधून कळेल न कळेल एवढं आलं... "बरं झालं."

आणि परसातून, अगदी स्पष्ट, "मग मी जाते, सांगून येते."

ती खाली वाकली. गाल खडीला टेकवला. ज्या जागी फोटोत पाइप होता, बरोबर त्याच जागी. तोंड जमिनीला लावलं. आणि...

आणि झगा सपाट झाला. मग झगाही नव्हता.

"साहेब? साहेब, ऐकताय?" नर्स रडत होती. "गेल्या. शांतपणे गेल्या. फार पुण्याचं काम केलंत तुम्ही."

आठ वाजून चार मिनिटं.

तो तसाच उभा राहिला. थंडी. अंधार. कुठं कुत्रंसुद्धा नाही.

मग खालून...

टक.

थोड्या वेळानं पुन्हा. टक... टक. चाचपल्यासारखं. इथं वाट आहे का. इथं आहे का. मग जरा बाजूला. टक.

वीतभर खोलीवरून.

मुनेओका गुडघ्यांवर पडला. नखांनी खडी उकरायला लागला. "आजी, नाहीये! पाइप नाहीये! परत या, आजी! वीतभरच होता!" नाव घेऊन हाका मारल्या त्यानं. जुने लोक मारायचे तशा. जमिनीला तोंड लावून.

खालचं चाचपणं थांबलं. मग... एक श्वास. आत.

बाहेर काही आला नाही.

रात्री साडेअकराला सुगाया जोडपं परतलं तेव्हा गाडीच्या दिव्यांत त्यांना दिसलं, आपला दलाल खड्ड्यात बसलाय, दोन्ही हात रक्तानं भरलेले. त्यानं तिथंच सगळं सांगितलं. विहीर, पाइप, फोटो, दोषपत्रक. दाइची चवताळला. "माझी बायको रोज इथं उभी राहते! पोटुशी बाई! तुम्हाला लाज नाही वाटली?" मुनेओका म्हणाला, "वाटली. पण उशिरा वाटली."

होनोकानं नवऱ्याला मागं ओढलं. "ओरडून काय होणारे? आधी ते उकरा," म्हणाली. शहाणी बाई.

परवाना त्यानं आपण होऊन परत केला. विहिरी खणणारे दोघे आणले, सगळा राडारोडा बाहेर काढायला नऊ दिवस लागले. पुजारीबुवा आले, मीठ पडलं, साके ओतली. तळापासून वरपर्यंत नवा पाइप उभा केला, भोवती स्वच्छ वाळू भरली. सुगाया अजून तिथंच राहतात. गाड्या रस्त्यावर लावतात. पाइपभोवती शेवंती लावलीय होनोकानं. घराला काही झालं नाही, बाळालाही नाही. देवाची कृपा.

पण नवव्या दिवशी अगदी तळाशी एक काँक्रीटचा तुकडा निघाला. पाटाएवढा. बाकी सगळं कोरडं ठणठणीत होतं, कारण झरा केव्हाच आटलेला. त्या तुकड्याच्या खालच्या अंगाला मात्र तळहाताएवढा ओला डाग. आरशावर तोंडानं हा केल्यावर उमटतो तसा. पुसला, परत आला. उन्हात ठेवला, परत आला.

मुनेओकानं तो तुकडा घरी नेला. दुसरं काय करणार होता? आणि त्याला एक गोष्ट कळली. संध्याकाळी त्याच्यापुढं बसून खरं बोललं की डाग सुकतो. "आजी, तळापर्यंत नव्हता. वीतभरच होता. मी खोटं बोललो." एवढंच. रात्रभर कोरडा. दुसऱ्या संध्याकाळी परत ओला. म्हणजे पुन्हा सांगायचं. चार वर्षं, एकही संध्याकाळ न चुकवता. सासुरवाडीच्या लग्नाला गेला तेव्हासुद्धा कांबळ्यात गुंडाळून बरोबर नेला होता.

दोन वर्षांपूर्वी तो गेला. त्याची बायको सायोको तुकडा घेऊन माझ्याकडं आली. म्हणाली, "भावोजी, आता मी बोलले तर सुकत नाही. रात्रभर ओलाच असतो. मला बघवत नाही. तुम्ही त्यांचे मित्र ना?"

आणला इथं. मागच्या दाराशी, पायरीच्या बाजूला पालथा ठेवलाय. तुम्ही दोघं त्यावर चपला झटकता तोच. आता पाय मागं घेऊन काय उपयोग?

मीही सांगून पाहिलं. रोज. "आजी, मुनेओका खोटं बोलला होता, पाइप वीतभरच होता." सुकत नाही. दोन वर्षं झाली, एकदाही सुकला नाही.

...

थांबा जरा. दे ते पाणी.

एक गोष्ट मी आजवर कुणाला सांगितली नाही. सायोकोलाही नाही. दोषपत्रक भरायच्या आदल्या दिवशी मुनेओकानं मला फोन केला होता. वयानं मोठा होतो ना मी, मला मानायचा. त्यानं विचारलं, इवाकिरी, अगदी तू आज विचारलंस तसंच. विहीर लिहायलाच हवी का? पुजाऱ्यासाठी ताबा पुढं ढकलू का? आणि मी... मला जेवायला उशीर होत होता. मी म्हणालो, "नाही म्हणून लिही रे. आणि म्हातारीला एखादा पाइप रोवून फोटो दाखव. खणून कोण बघणार आहे?"

फोटोची युक्ती माझी होती.

त्यानं चार वर्षं एकट्यानं माझीही शिक्षा भोगली. एकदाही बोलून दाखवलं नाही. आणि मी त्याच्या नावानं कबुल्या देत बसलो होतो. लाज वाटते मला. आजी, ऐकताय का? मी सांगितलं होतं त्याला. मी.

...

चिनो, तो टॉर्च घे. मागचं दार उघड आणि बघ. मला उठवत नाही. दुपारपासून बर्फ पडतंच आहे, तुकड्यावर कधी टिकत नाही, मधोमध ती तळहाताएवढी जागा काळीभोर, ओली राहते. काल रात्री होती. आज संध्याकाळी झाडू मारला तेव्हाही होती.

दिसली का?

टॉर्च जवळ धर, पोरी.

...सगळा पांढरा? मधेसुद्धा?

वरचं बर्फ झटकून हात लावून बघ.

...कोरडा.

दार लाव मग. थंडी आत येते. उद्या संध्याकाळी मला पुन्हा सांगावं लागेल.